पाळणे वाढले की तिरड्या घटल्या?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हेदवीतली ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात शाळेत मुलं मोजण्यात घालवली. तेव्हा विषयही मोजणीचाच घ्यावा असं मी ठरवलं. एखाद्या काळात पाळणे एकदम का वाढतात, हा तो विषय. जगभर याला ‘बेबी बूम’ म्हणतात. पत्रिकेवर मात्र संयोजकांनी ‘लोकसंख्येचा स्फोट आणि कोकण’ असं छापलंय. आता पत्रिका वाटून झाल्या आहेत, त्यामुळे दुरुस्ती व्यासपीठावरूनच करतो. आपल्या मुलखात मुलांचा असा स्फोट कधी झालाच नाही. जे झालं ते निराळंच होतं, आणि त्याचा दोष उगाच आपल्या आयाआज्यांच्या माथी मारला गेला.

आधी अमेरिका बघू. १९३० नंतरच्या मंदीत तिथे दर हजार माणसांमागे वर्षाला अठरा-एकोणीस मुलं जन्मत होती. दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४७ मध्ये हा आकडा साडेसव्वीसपर्यंत गेला. १९४६ ते १९६४ या एकोणीस वर्षांत तिथे सुमारे साडेसात कोटी मुलं जन्मली. १९५७ या एकट्या वर्षात ४३ लाख. त्या सुमाराला तिथल्या बाईला सरासरी पावणेचार मुलं होत होती. सैनिक घरी परतले म्हणून हे झालं, असं सर्रास सांगतात. ते अपुरं आहे. परतलेल्या सैनिकांमुळे वर्ष-दोन वर्षांची कसर भरून निघेल, एकोणीस वर्षांची नाही. शिवाय अमेरिकेत जन्म वाढायला सुरुवात झाली होती ती युद्धाच्या आधीच, आणि फ्रान्समध्ये तर जर्मनांचा ताबा असतानाच. रिचर्ड ईस्टरलिन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने याचं एक उत्तर दिलं, आणि मला ते बरंचसं पटतं. मंदीत वाढलेली पोरं थोडक्यात भागवायला शिकली होती. ती कमवायच्या वयाला आली तेव्हा नोकऱ्या मुबलक, पगार चांगले आणि घरकर्ज सोपं. आईबापांच्या मानाने आपलं बरं चाललंय, असं ज्याला वाटतं तो लवकर लग्न करतो आणि तिसऱ्या मुलाला घाबरत नाही. म्हणजे ती लाट सुबत्तेची होती.

जपानची लाट आखूड निघाली. १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत तिथे ऐंशी लाख मुलं झाली. लगेच १९४८ मध्ये सरकारने गर्भपाताचा कायदा सैल केला आणि दहा वर्षांत जन्म जवळजवळ निम्म्यावर आले. रोमानियात उलटा प्रकार झाला. १९६६ मध्ये तिथल्या हुकूमशहाने एका फर्मानाने गर्भपातावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले आणि मग लोकांनी चोरवाटा शोधल्यावर पुन्हा उतरले. जबरदस्तीने पाळणे भरण्याची किंमत तिथल्या बायकांनी जिवानिशी मोजली. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आपल्याकडे या. १९११ ते १९२१ या दशकात भारतात दर हजारी वर्षाला सुमारे ४८ जन्म होत आणि सुमारे ४७ मृत्यू. १९५१ ते १९६१ या दशकात जन्म सुमारे ४२ आणि मृत्यू सुमारे २३. आकडे रुक्ष असतात खरे, पण हे चार नीट ऐका, कारण सगळं भाषण यांवर उभं आहे. ज्या काळाला आपण ‘स्फोट’ म्हणतो त्या काळात जन्मदर पूर्वीपेक्षा कमी होता. कोसळला होता तो मृत्युदर. आणि गंमत बघा, अमेरिकेची ती जगप्रसिद्ध लाट ऐन शिखरावर असतानाही तिथला जन्मदर त्याच वेळच्या भारताच्या दोन तृतीयांशाहून कमी होता. तरी तिची उसळी दिसली, कारण ती पडलेल्या पाण्यावर उठली. इथल्या बामणघळीत भरतीचं पाणी वीस-पंचवीस फूट उडतं, ते बघायला पर्यटक गाड्या करून येतात. पण त्याच वेळी सगळा किनारा हळूहळू पाण्याखाली जात असतो, त्याचा फोटो कुणी काढत नाही. अमेरिकेत घळ उडाली, आपल्याकडे भरती चढली.

ती चढली कशी, हे इथल्या सत्तरीच्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. १९५३ पासून हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. फवारणीवाले पाठीला पंप लावून वाडीवाडीत फिरले, गोठा-माजघर सगळं पांढरं करून गेले, जाताना भिंतीवर तारीख लिहून गेले. ढेकूणही मेले म्हणून बायकांनी त्यांना दुवा दिला. देवी टोचणारे आले. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. पेनिसिलीन आलं. पटकीच्या साथीत गावंच्या गावं ओस पडायची, ते थांबलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या दर पाच मुलांमागे निदान एक तरी वर्षाच्या आत जायचं, आणि माणसाचं सरासरी आयुष्य वीस-बावीस वर्षांच्या घरात होतं. आज ते सत्तरीला टेकलं आहे. आजीला सात मुलं झाली आणि तीन जगली. आईला पाच झाली आणि पाचही जगली. शेजारणी मात्र आईलाच नावं ठेवत्या झाल्या की हिने घर भरून टाकलं!

या रत्नागिरी जिल्ह्यातलंच एक घराणं घ्या. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. सुभेदार रामजींचं भीमराव हे चौदावं अपत्य, हे शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं. चौदा हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यांतली पाचच जगली, हे कुणी फारसं बोलत नाही. पुढे खुद्द बाबासाहेब आणि रमाबाईंना पाच मुलं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव उरले. दोन पिढ्या मिळून एका घरात एकोणीस जन्म आणि जगलेली लेकरं सहा. त्या काळच्या जन्मदराचा अर्थ असा होता.

आपल्याकडे जन्माच्या लहानसहान उसळ्या आल्याच नाहीत असं नाही. आल्या, पण त्या दुःखातून आल्या. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ, या दोन्हींच्या काळातल्या मुंबई इलाख्यातल्या आणि वऱ्हाडातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आहेत. उपासमारीत दिवस जाणं कमी होतं, म्हणून नऊ-दहा महिन्यांनी जन्म घटतात. पाऊस पडून धान्य घरात आलं की पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जन्म नेहमीपेक्षा वर जातात. यामागे एक निष्ठुर कारण आहे. अंगावरचं मूल गेलं की बाईला पुन्हा लवकर दिवस जातात. मूल जगलं असतं तर दूध पाजण्याच्या काळात आपोआप दोन-अडीच वर्षांचं अंतर पडलं असतं. म्हणजे रिकामा झालेला पाळणाच लवकर भरायचा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतरही तसंच झालं. ती साथ मुंबई बंदरातून देशात शिरली आणि सव्वा कोटीहून जास्त माणसं घेऊन गेली. १९१९ मध्ये जन्म घटले, मग पुन्हा वर आले. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या भीषण दुष्काळानंतर, १९६२-६३ मध्ये, प्रचंड प्रमाणावर हेच घडलं. कुणाला वाटेल, ‘लाट’ म्हटल्यावर सगळ्या लाटा सारख्याच. अमेरिकेतलं जोडपं नवं घर घेतल्यावर तिसरं मूल होऊ देत होतं, आणि वऱ्हाडातली बाई पुरलेल्या मुलाच्या जागी दुसरं. या दोन गोष्टी एका तक्त्यात बसवायला माझं मन धजत नाही.

कोकणात आणखी दोन गोष्टी जन्मांना आवर घालत होत्या. पहिली वैधव्य. ज्या जातींत पाट लावायची चाल होती तिथे बाईला दुसरा संसार मिळायचा. ज्या जातींत नव्हती तिथे पंचविशीत कुंकू पुसलं की तिची बाळंतपणं तिथेच संपली. पुढे तरुण पुरुषांचं मरण कमी झालं तसं वैधव्यही घटलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर देशभर बाळंतपणं किंचित वाढली. १९४१ ते ५१ च्या दशकात दर हजारी ४० च्या आसपास असलेला जन्मदर पुढच्या दशकात ४२ कडे गेला, त्यात या कारणाचा वाटा आहे. आपल्याकडची ‘बूम’ म्हणाल तर ती एवढीच, दोन अंकांची. नवरे जगले, म्हणून.

दुसरी गोष्ट मुंबई. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून जास्त माणसं सापडली. तेव्हाचा जिल्हा सिंधुदुर्गासकट होता. बहुतेक पुरुष, बहुतेक गिरण्यांत किंवा गोदीत, राहायला गाववाल्यांची खोली आणि जेवायला खानावळ. बायको गावी, शेतावर. नवरा यायचा शिमग्याला, गणपतीला, नाहीतर मेमध्ये. वर्षातले दहा-अकरा महिने जोडपं एकत्रच नाही, मग लाट येणार कुठून? संततिनियमनाचं साधन म्हणून बोटीचं तिकीट किती परिणामकारक होतं, यावर खरं तर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. हसू नका, त्या विरहाची झळ ज्या बायकांनी सोसली त्यांची नातवंडं इथे बसली आहेत.

त्याच १९२१ सालाकडे जरा थांबून पाहायला हवं. १९११ ते १९२१ या एकाच दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली. त्यानंतर ती कधीच घटली नाही, म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ १९२१ ला पाणलोटाची रेघ मानतात: तिच्या आधी साथी आणि दुष्काळ, नंतर सतत वाढ. आणि नेमक्या त्याच वर्षी मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने संततिनियमनाचं केंद्र उघडलं. रघुनाथ धोंडो कर्वे. धोपाव्याला फेरीबोटीत बसून दाभोळला उतरलं की त्यांचं दापोली तालुक्यातलं मुरुड फार लांब नाही. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचं केंद्रही त्याच वर्षी निघालं, म्हणजे आपला दापोलीकर जगाच्या मागे नव्हता. देशाची लोकसंख्या नुकतीच घटली होती, ‘स्फोट’ कुणाच्या स्वप्नातही नव्हता आणि हा माणूस लोकांना मुलं थांबवायची साधनं द्यायला बसला. का? देशात माणसं फार झाली म्हणून नव्हे. बाईचं शरीर बाईचं आहे, तिचं आरोग्य आणि तिचं सुख यांना किंमत आहे, म्हणून. त्यापायी त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी ठराव आणला, त्यामागचं भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं होतं. ठरावही पडला. एकोणीस जन्मांतली तेरा मरणं ज्याच्या घरात झाली, त्याला तो विषय अश्लील वाटला नाही. अश्लील वाटला तो सभ्य लोकांना.

कर्व्यांचंच काम पुढे नेणाऱ्या शकुंतला परांजपे यांचंही नाव घ्यायला हवं. दापोली तालुक्यातल्याच मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांची ही मुलगी. खेड्यापाड्यांत फिरून साधनं वाटली, विधान परिषदेत आणि राज्यसभेत हा विषय मांडला. आता विचार करा, मंडणगड आणि दापोली हे दोन शेजारचे तालुके, आणि देशातल्या संततिनियमनाच्या इतिहासातली तीन मोठी नावं त्यांतून येतात. आपल्या जिल्ह्याच्या गौरवगीतांत आंबा असतो, काजू असतो, लोकमान्य असतात. हे मात्र नसतं.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. असा सरकारी कार्यक्रम घेणारा हा जगातला पहिला देश. पण कर्व्यांचा विचार सरकारी कचेरीत पोचेपर्यंत त्यातली बाई गळून गेली आणि आकडा उरला. उद्दिष्ट आलं, कोटा आला, तलाठ्याला आणि मास्तरला ‘केस आणा’ असा हुकूम आला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं, नाहीतर तसा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणून आपली नोंद झाली असती.

आणि मुलं कमी झाली ती कशाने? मुलं जगू लागली आणि मुली शिकू लागल्या, त्याने. आपलं जन्मलेलं मूल मोठं होणार याची आईला खात्री पटली की ती पाचवर जात नाही. तिला सक्तीची गरज नसते. महाराष्ट्रात आज बाईला सरासरी १.७ मुलं होतात, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. लोकसंख्या आहे तेवढी राहायची तर हा आकडा २.१ लागतो. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१ हजारांवर माणसं कमी. त्या दशकात महाराष्ट्रातले तीनच जिल्हे आटले: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. ठाणे जिल्हा मात्र छत्तीस टक्क्यांनी वाढला. दिवा–सावंतवाडी गाडीत एकदा बसलं की त्याचं कारण कळतं. पूर्वी नवरा एकटा जायचा आणि बायको-मुलं इथे राहायची. आता सगळं कुटुंब विरार-डोंबिवलीला जातं. गावात पाळणा हलत नाही तो बाई बाळंत होत नाही म्हणून नव्हे. ती दिव्याला बाळंत होते.

आणि तरीही आपल्या कायद्यात अजून काय आहे? २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. माणसं आटत चाललेल्या जिल्ह्यात हा नियम! आंध्र प्रदेशाने असाच नियम २०२४ मध्ये काढून टाकला, पण त्याचं कारण ऐकून आनंद होत नाही. दक्षिणेतले दोन मुख्यमंत्री त्याच वर्षी लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगू लागले. आपल्याकडेही तीन-तीन मुलांचे उपदेश सुरू झाले आहेत. कालपर्यंत ‘दोनच पुरे’ सांगणारे आज ‘तीन तरी’ म्हणतात, आणि दोन्ही वेळा ज्या बाईला नऊ महिने काढायचे तिला कुणी विचारत नाही. रोमानियाची गोष्ट मी मघाशी उगाच सांगितली नव्हती. शिवाय हिशोबही चुकतो आहे. आपल्या गुहागर तालुक्यात उद्या प्रत्येक घरात तिसरं मूल झालं, तरी ते बावीस वर्षांनी त्याच गाडीत बसणार. गाव आटतं ते विशीत-पंचविशीत निघून जाणाऱ्यांमुळे.

मग त्या ‘स्फोटा’च्या काळात जगलेल्या मुलांचं काय झालं? ती समोर खुर्च्यांवर बसली आहेत. १९५० ते १९७० च्या दरम्यान जन्मलेली, फवारणीमुळे आणि देवीच्या लसीमुळे वाचलेली पिढी. त्यांतल्या निम्म्यांची जन्मतारीख १ जून असेल, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती सोयीने लिहिली. २०११ मध्ये देशात साठीच्या पुढची माणसं ८.६ टक्के होती. आता ती पुष्कळ वाढली आहेत, आणि जिथली तरुण मुलं बाहेर जातात त्या गावांत तर जास्तच. ज्या लाटेची आपण चाळीस वर्षं भीती घातली ती आज एकेकट्या घरात, रक्तदाबाच्या गोळ्या घेत, मुंबईच्या फोनची वाट बघत बसली आहे. पाळण्यांची चर्चा पुरे झाली, आता यांची करू.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या ग्रामसभेत वाडीवार यादी करा: साठीच्या पुढची कोण कोण माणसं घरात एकटी राहतात, कुणाला दवाखान्यात न्यायला माणूस नाही, कुणाचं दार दिवसभर उघडलं नाही तर शेजारच्याला कळेल आणि कुणाचं कळणार नाही. ती यादी आरोग्य केंद्रात लावा. तिसऱ्या अपत्याचा नियम रद्द करा असा ठरावही त्याच सभेत घ्या; मुलं वाढावीत म्हणून नव्हे, तर तो विषय बाईच्या हातात राहावा म्हणून. आणि २०२७ ची जनगणना आता होते आहे. मुंबईकरांनो, गावचं प्रेम म्हणून आपली नावं इथल्या बंद घरात घालू नका, जिथे राहता तिथे घाला. इथे राहणाऱ्या आईवडिलांची नावं मात्र नीट नोंदवली जातील हे बघा आणि त्यांची खरी वयं, १ जूनवर न जाता, विचारून लिहून ठेवा. किती म्हातारी माणसं इथे राहतात हे सरकारी कागदावर आलं नाही, तर त्यांच्यासाठी डॉक्टरही येणार नाही.